पाचवं नाव

फैजपुरात, फिरकेशेठच्या केळी पिकवायच्या गोदामात,
ऑफिसच्या भिंतीला चादर ठोकून
आम्ही पाच जणांनी चार दिवसांत एकोणीस पिक्चर पाहिले.
त्यातली पाच नावं मुंबईला कळवायची होती,
मोठ्या बक्षिसाच्या यादीसाठी.
शेजारच्या खोल्यांत गार हवेत केळी पिवळी होत होती.
आमची मतं अजून हिरवीच.

मला का घेतलं कमिटीत?
एक बाई हवी होती.
शिवाय टॉकीजला कुलूप लागेपर्यंत
लेडीज खिडकीवर तिकिटं मीच फाडली, सव्वीस वर्षं.
चहा आला की ट्रे आधी माझ्याकडे,
म्हणजे वाटायला.

नेहेते सर म्हणाले, पहिलं नाव लाइनमनच्या पिक्चरचंच.
खांबावर माणूस, खाली अंधारात गाव,
अकरा मिनिटं कॅमेरा जागचा हलत नाही.
‘याला म्हणतात संयम.’
पिंजारी टेलर म्हणाले, ते ठीक आहे सर,
पण त्याच्या शर्टाला आजची इस्त्री आहे.
रोज खांबावर चढणाऱ्याची शिवण आधी बगलेत उसवते.
यावर पाऊण तास गेला.
तरी नाव गेलं. मीही हात वर केला.

भरीत-पार्टीत दोन व्याही भांडतात, तो पिक्चर
सरांना हलका वाटला.
‘हसू आलं म्हणजे दर्जा गेला, असं कुठे लिहिलंय?’
बोंडे वकिलांनी नियमावली उलटीपालटी करून विचारलं.
नव्हतं लिहिलेलं.
तोही गेला.
तलवारींचा एक गेला, शाळेचा एक गेला.

उरलं पाचवं.

फिरकेशेठच्या भाच्याचा पिक्चर एकशे छप्पन मिनिटांचा,
लांबीला कुठेच कमी नाही.
आणि यावलच्या एका पोरीचा, मोबाइलवर काढलेला:
तिची आई रेशनच्या दुकानात उभी,
मशीनवर अंगठा उमटत नाही.
पदराला घासते, जिभेने ओला करते, पुन्हा ठेवते.
मागची रांग पुढे सरकते, ही बाजूला होते.
बेचाळीस मिनिटं. गाणं नाही.
‘नियम सहावा,’ वकील म्हणाले, ‘किमान सत्तर.
कमिटीला वाटलं तर सूट.’

‘सायराबी, तुमचं काय?’

मी म्हटलं, मला दर्जातलं कळत नाही.
खिडकीच्या भोकातून हात आत यायचा, बांगड्यांसकट,
मागून हळूच आवाज:
‘रडू येतं का व बाई याच्यात?’
मी हो म्हटलं की पदराची गाठ सुटायची.
घरात रडायला जागा नसायची त्यांना.
आमच्याकडे तीन तास अंधार भाड्याने मिळायचा.

‘इथं तर कोणी रडलं नाही,’ शेठ म्हणाले.
खरं होतं. सर तर पेंगत होते.
पण दाराकडे पाठ होती तुमची, मी म्हटलं.
तो रेमसिंग पावरा क्रेट घेऊन आला आणि तिथेच थांबला.
वीस किलोचा क्रेट खांद्यावर,
पिक्चर संपेपर्यंत खाली ठेवायचं सुचलं नाही त्याला.

वकिलांनी टिपणात लिहिलं:
सदर मुद्दा निकषांत बसत नाही.

तीन विरुद्ध दोन.
माझ्या बाजूने फक्त टेलर. का, ते त्यांनी सांगितलं नाही.
भाच्याचं नाव गेलं.
शेठने सगळ्यांना एकेक फणी दिली, मला दोन.

दुसऱ्या दिवशी चादर परत न्यायला गेले
तर रेमसिंग गेटवर.
‘मावशी, त्या बाईला मिळालं का रेशन?’
पिक्चर होता रे तो, तिथेच संपतो.
तो थोडा वेळ बोटं पाहत राहिला, चिकानं काळी झालेली.
मग म्हणाला,
‘भेटली तर सांगा तिला.
माझा अंगठा चालतो अजून.’